परसदारचा शरद

पुस्तकांतला शरद ऋतू आणि आमच्या परसदारचा शरद ऋतू यांत बरेच अंतर आहे. पुस्तकांतल्या शरदात आकाश निरभ्र असते, तळ्यात कमळे असतात आणि चांदणे दुधासारखे सांडते. आमच्या परसात त्या वेळी भोपळ्याच्या पानांवर भुरी पडलेली असते, वालाच्या शेंड्यांवर मावा चढलेला असतो आणि न्हाणीचे पाणी केळीकडे सोडायचे की मिरचीकडे, यावरून घरात दोन शब्द झालेले असतात. चांदणे पडते, नाही असे नाही. पण त्या चांदण्यात माझी आई दोडक्याच्या मांडवाखाली उभी राहून फुले मोजत असते.

आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांत एका साध्या परसबागेत रोज काय चालते, हे नोंदवून ठेवावे असा या लेखाचा हेतू आहे. बाग आमचीच आहे. गाव कोरेगाव तालुक्यातले, घर मातीच्या भिंतींचे आणि पुढे पत्रा घातलेले, मागे पाऊण गुंठा मोकळी जागा. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र घेतल्यावर 'श्रम' या प्रकरणावर काहीतरी प्रत्यक्ष पाहून लिहावे, असे सरांनी सुचविले. बहुतेकांनी बाजार समिती, दूध डेअरी, साखर कारखाना असे विषय घेतले. मला रोज एस.टी.ने जाऊन येऊन जे पाहता येईल ते परसच होते. घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे तिथीने पंचेचाळीस दिवस, मी एक वही ठेवली.

'परस' या शब्दावर आमच्या वर्गात हशा पिकला होता, कारण 'परसाकडे जाणे' याचा अर्थ खेड्यातल्या मुलांना सांगावा लागत नाही. तेव्हा एवढे स्पष्ट करते की परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, आणि तिथे केलेली ती परसबाग. पुढच्या अंगणात तुळस, जास्वंद आणि पाहुण्यांसाठी खाट. मागे जे खायचे ते. शहरातल्या बंगल्यांच्या बागेशी तिचे नाते नाही. तिथे कोणी फेरफटका मारीत नाही आणि पायवाट म्हणून जी आहे ती आईच्या पावलांनी पडलेली आहे.

आता मुख्य विषयाकडे येते. शरदात परसबागेला दोन ऋतू एकदम सांभाळावे लागतात. मृगात लावलेले वेल म्हातारे होत आलेले असतात, पण त्यांचा शेवटचा बहार अजून घ्यायचा असतो. त्याच वेळी हिवाळी पालेभाजीसाठी जागा मोकळी करायची असते. वर पावसाचा भरवसा संपलेला. हस्ताचा पाऊस, ज्याला आमच्याकडे हत्तीचा पाऊस म्हणतात, तो कधी धो धो पडून मांडव वाकवतो, तर कधी फिरकतच नाही. पुढे चित्रा लागल्या की ऊन चटके देऊ लागते. सकाळी दव आणि दुपारी आग, असा हा काळ. भुरी येते ती याच दिवसांत. भोपळ्याच्या पानावर पीठ शिंपडल्यासारखे पांढरे डाग दिसू लागले, की आई ती खालची पाने खुडून उकिरड्यापासूनही दूर टाकते. का, ते तिला कोणी शिकविलेले नाही. "ती पिडा हितंच ऱ्हाती" एवढेच ती सांगते. भुरी ही बुरशी असून तिचे बीजाणू वाऱ्याने पसरतात, हे मी नंतर वाचले.

पण या ऋतूतला सर्वांत मोठा बदल ऊन-पावसाचा नसून काळोखाचा आहे, असे मला या अभ्यासात कळले. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस आणि रात्र जवळजवळ समान होतात. त्यानंतर रात्र वाढत जाते. आमच्या अक्षांशावर ज्येष्ठ-आषाढात तेरा तासांहून थोडा मोठा असणारा दिवस डिसेंबरअखेर अकरा तासांवर येतो. हा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही, पण वालाला जाणवतो. वालाचे जुने वाण पावसाळाभर नुसते पसरतात, मांडव झाकतात, शेजारच्या पत्र्यावर चढतात, आणि फूल म्हणून एक दाखवीत नाहीत. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळे वेल एकदम जांभळ्या-पांढऱ्या तुऱ्यांनी भरून जातात. शेवंतीचेही तसेच.

यामागचे कारण अमेरिकेतील गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केले. 'मेरीलँड मॅमथ' नावाच्या तंबाखूचे झाड उन्हाळ्यात कितीही वाढले तरी फुलत नसे. त्यांनी ते दिवसातून काही तास अंधारात ठेवले आणि ते फुलले. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका काटेरी फळाच्या तणावर प्रयोग करून दाखविले की अशी झाडे खरे तर दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. लांब रात्रीत मध्येच थोडा उजेड पाडला तरी त्यांचा हिशेब चुकतो.

हे वाचले तेव्हा मला आमच्या परसातला पूर्वेचा कोपरा आठवला. तिथे ग्रामपंचायतीचा खांब आहे आणि रात्रभर दिवा जळतो. त्या कोपऱ्यातला वाल इतरांपेक्षा उशिरा फुलतो, म्हणून आई तिथे वाल लावायचे टाळते. यंदा बी आपोआप पडून वेल आला. मी विचारले, तर ती म्हणाली, "अगं, दिव्याखालचा येल माजतोय नुसता. फुलं कधी धरायची त्येनं? त्येला रात्रच न्हाई." हे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत नाहीत, पण शिकवीत असते तर ते कोठून सुरू करता आले असते, हे यावरून ध्यानात येईल. (जाता जाता सांगते : कोरेगाव तालुक्याचे नाव वाघ्या घेवड्यासाठी प्रसिद्ध आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तो शेतातला घेवडा. परसातल्या या वालाचा आणि त्याचा संबंध नाही.)

फुलांच्या वेळा हा या दिवसांतला दुसरा महत्त्वाचा व्यवहार. सगळ्या वेलांची फुले एकाच वेळी उमलतात असे मला पूर्वी वाटे. लाल भोपळ्याचे मोठे पिवळे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते. घोसाळे आणि कारले यांची फुलेही सकाळचीच. दोडका मात्र दिवस कलल्यावर उमलतो, आणि दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उघडते, त्याच्यावर रात्रीचे पतंग येतात. म्हणून वर म्हटल्याप्रमाणे आईची दोडक्याची पाहणी चांदण्यात चालते. दिवसा तिला वेळ नसतो हे दुसरे कारण. याच महिन्यात सोयाबीनची काढणी असते आणि ती रोजगाराने लोकांच्या रानात जाते. परसाचे काम त्याच्या अलीकडे आणि पलीकडे.

भोपळ्याच्या वेलावर नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाखाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो, नर फूल नुसत्या लांब देठावर. माशी एकावरून दुसऱ्यावर गेली तरच तो इवलासा भोपळा धरतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. पावसाची झड लागली, की मधमाश्या फिरकत नाहीत. अशा दिवशी आई नर फूल तोडते, पाकळ्या मागे दुमडते आणि मादी फुलात हलकेच फिरविते. हे ती आजीकडून शिकली. आजी नर फुलांना 'वांझ फुले' म्हणते. ज्या फुलावाचून फळच धरत नाही त्याला वांझ म्हणावे हे चमत्कारिक आहे, आणि नराचा उणेपणा सांगायलाही बाईला लावायचा शब्द वापरावा हे त्याहून चमत्कारिक. आजीला हे बोलून दाखविले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "मग भजी नकोत का तुला?" जास्तीच्या नर फुलांची भजी होतात. दसऱ्यापर्यंत आमच्याकडे ती तीनदा झाली.

सकाळचा क्रम साधारण असा असतो. आई साडेचारला उठते. चुलीतली थंड राख चाळून एका फुटक्या घमेल्यात घेते आणि दव आहे तोवर वालाच्या शेंड्यांवर आणि वांग्यांवर उधळते. दवाने राख पानाला धरून राहते, उन्हात उधळली तर वाऱ्यावर जाते. मग दोडक्याच्या वेलाखाली वाकडी झालेली फळे वेचायची. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते, तिथे फळ आखडते आणि आत अळी होते. ती फळे तशीच पडू दिली तर अळ्या मातीत उतरतात आणि पुन्हा माश्या होऊन वर येतात. आई ती थेट चुलीत घालते. कृषी विभागाच्या पुस्तिकेतही किडकी फळे गोळा करून नष्ट करा, असेच सांगितलेले असते.

पाण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आश्विनातल्या परसबागेचे मरण-जगणे तिथे ठरते. नळाला एक दिवसाआड पाणी येते आणि ते प्यायला, स्वयंपाकाला, जनावरांना. बागेला जाते ते वापरलेले पाणी. न्हाणीच्या तोंडाशी अळू, त्याच्या पलीकडे केळीचे बेट, मग एक उथळ चर, आणि चराच्या दोन्ही अंगांना मिरची, वांगी, कढीपत्ता. साबणाचे पाणी आधी अळू आणि केळ घेतात, त्यांना ते मानवते. मिरचीला मात्र आई भांडी राखेने घासलेल्या दिवसाचेच पाणी सोडते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी बादलीत वेगळे काढून तुळशीला आणि लिंबाच्या आळ्यात. आम्हां चार माणसांच्या अंघोळीचे पाणी कोणत्या दिवशी कुठे गेले, याची नोंद मी आठवडाभर केली आणि मग सोडून दिली. ती नोंद आईच्या डोक्यात आधीच असते आणि तिच्यात रोज बदल होतो.

शरदातले खरे मोठे काम बियांचे. खायचे तेवढे खाऊन झाले, आता वंश राखायचा. वेलावरचे सर्वांत चांगले फळ खायला नसते, ते बियाला सोडायचे, हा आमच्या परसातला कडक नियम. मुले असताना आम्हांला त्याचा राग येई. बियाला सोडलेल्या दोडक्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असते. चिंधी म्हणजे हात लावायचा नाही. तो वेलावरच वाळतो, हलका होतो, हलविला की आत खुळखुळतो. मग टोकाचे झाकण काढून काळ्या बिया परातीत झटकायच्या. भेंडीची एक शेंग, दुधीचा एक, कारल्याचे पूर्ण पिवळे होऊन उललेले एक. वालाच्या शेंगा अजून हिरव्या असतात, त्यांचे बी माघात. सगळे बी उन्हात नव्हे, सावलीत वाळवून राखेत घोळायचे आणि गाडग्यात भरून तोंड शेणाने लिंपायचे.

आमच्या परसातली दुधी आईने लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेराहून पदराच्या गाठीत आणली. चवळईचे बी थोरल्या मावशीचे. एका जातीचे लांबट वांगे आजीच्या आईच्या गावचे. सातबाऱ्यावर आमच्या घरातल्या एकाही बाईचे नाव नाही, पण बियांचा उतारा काढला तर त्यात पुरुषाचे नाव सापडणार नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती अशाच राखलेल्या गावरान बियांसाठी. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले तेव्हा आई बराच वेळ ते पाहत होती आणि मग म्हणाली, "गाडगी सारखीच हायती की." बाजारातले संकरित बी पहिल्या वर्षी भरघोस येते, पण त्याच्या फळातले बी पुन्हा पेरले तर झाडे एकसारखी उतरत नाहीत, म्हणून दर वर्षी पुडी विकत घ्यावी लागते. आई टोमॅटोची पुडी घेते, बाकी कशाचीही नाही. पिकांच्या वाणांसंबंधीच्या २००१ च्या कायद्याने आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे. आमच्या आळीत तो हक्क हादग्याच्या फेरासाठी मुली जमल्या, की मागच्या दाराने बजावला जातो. कोणाची कोणती पुडी कोणाकडे गेली हे वहीत मांडले तेव्हा पंचेचाळीस दिवसांत सात घरांशी देवाणघेवाण झालेली दिसली.

सणांनी या दोन महिन्यांत परसाला वेळापत्रकच घालून दिलेले आहे. घटस्थापनेला परडीत काळी माती आणि धान्य. घटातले धान्य म्हणजे रब्बीच्या पेरणीआधीची उगवणीची परीक्षा, असे काही जण सांगतात. मला हे थोडे ओढूनताणून वाटते, पण आई घटातली ज्वारी कशी उगवली ते नीट पाहते हेही खरे. दसऱ्याला झेंडू. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला कुंपणावरचे कारीट, जे कोणी लावीत नाही आणि ज्याला त्या एका सकाळखेरीज कोणी विचारीत नाही. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्ने. तोवर आवळा, चिंच, बोर खायचे नाही. आजी हे देवाचे म्हणून सांगते. मला त्यात फळ तयार होईपर्यंत मुलांचे हात आवरायची युक्ती दिसते. आमचे यावर एकमत नाही आणि व्हायची गरजही नाही, कारण आवळा दोघींनाही द्वादशीनंतरच मिळतो.

एक गोष्ट मात्र मला फार गमतीची वाटली. दसऱ्याचे तोरण ज्याचे, तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. लाल भोपळा, मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, आणि नावात सीता असलेले सीताफळसुद्धा अमेरिका खंडातून आलेले. पोर्तुगीज समुद्रमार्गाने येण्यापूर्वीच्या आमच्या गावात दसरा होता, पण दारावर झेंडू नव्हता आणि ठेच्यात मिरची नव्हती. वाल, दोडका, कारले ही त्याआधीची जुनी मंडळी. आमच्या मांडवावर वाल आणि भोपळा एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की कोण घरचा आणि कोण परका हे ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता हिशेबाकडे वळते, कारण प्रकल्प अर्थशास्त्राचा होता. पंचेचाळीसपैकी एकतीस दिवस घरात निदान एका वेळची भाजी परसातली झाली. आई सकाळी साधारण सव्वा तास आणि संध्याकाळी पाऊण तास परसात असते. निघालेल्या भाजीची त्या त्या आठवड्याच्या बाजारभावाने किंमत धरली आणि आईच्या तासांना भागले. उत्तर आले ते तिच्या सोयाबीन काढणीच्या मजुरीच्या निम्म्याहूनही कमी. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मी तेच म्हणतोय. एवढ्या वेळात अर्धा रोज मिळंल."

गणित बरोबर आहे, पण ते चुकीच्या गोष्टीचे आहे असे मला वाटते. पहाटे साडेचार ते पावणेसहा या वेळात रोजगार देणारा गावात कोणी नाही. तो वेळ विकता येत नाही, तेव्हा त्याला मजुरीचा दर लावणे बरोबर नाही. दुसरे असे की आश्विनात, परतीच्या पावसाने भाजी सडली की बाजार चढतो, आणि चढलेल्या बाजारातून आमच्या घरी भाजी येतच नाही. त्या दिवशी भाकरीबरोबर चटणी असते. म्हणजे परसातल्या पालेभाजीच्या जागी बाजारातली पालेभाजी आली असती हे गृहीतच खोटे, तिच्या जागी चटणी आली असती. मग किंमत कशाशी ताडायची? तिसरे, जे दिले त्याची नोंद पैशांत होत नाही. शेजारच्या बाळंतिणीला शेवग्याचा पाला गेला, तिच्या सासूने पुढे पंधरा दिवस ताक पाठविले. सरांनी या मुद्द्यावर माझ्याशी बराच वाद घातला, आणि शेवटी 'बाजारभाव हे मोजमाप येथे अपुरे पडते' एवढे वाक्य ठेवायला परवानगी दिली.

हा प्रश्न माझ्या एकटीच्या वहीचा नाही, असे वाचनातून दिसले. राष्ट्रीय नमुना पाहणीत माणसाच्या कामाला क्रमांक असतात. फक्त घरकाम करणाऱ्या बाईला ९२. घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी भाजीपाला, सरपण, चारा फुकट गोळा करणारीला, शिवणटिपण करणारीला ९३. हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेरचे. १९७७-७८ च्या फेरीपासून अशा बायकांना पुढचे प्रश्न विचारले जाऊ लागले, आणि त्यांत परसबाग राखता का, हा एक होता. प्रश्न विचारला म्हणून क्रमांक बदलला नाही. दुसरीकडे राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत घरी खाण्यासाठी पिकविलेली भाजी हे उत्पादनच धरले जाते. म्हणजे दोडका देशाच्या उत्पन्नात बसू शकतो आणि दोडका पिकविणारी मात्र काम न करणाऱ्यांत राहते. माणसाचा दिवस तासांनी कसा जातो याची पाहणी आपल्याकडे प्रथम १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. सगळ्या देशाची पाहणी २०१९ साली झाली.

कॉलेजच्या प्रवेश अर्जात 'आईचा व्यवसाय' असा रकाना असतो. पहिल्या वर्षी अर्ज भरताना खिडकीशी असलेल्या इसमाने माझ्यासाठी 'काही नाही' असे लिहिले होते. यंदा मी स्वतःच्या हाताने 'शेतमजुरी व परसबाग' असे लिहिले. त्याने वर पाहिले, पण अर्ज घेतला.

मी वही ठेवली त्याच दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर, आमच्या घराची वाटणी झाली. चुलत्यांचा मुलगा लग्नाचा आहे, त्यांना खोली हवी, यात कोणाचे वावगे काही नाही. जाणते चार लोक आले, फीत धरली, यादी केली. घराचे खण लिहिले. परसाची लांबी-रुंदी लिहिली. झाडे लिहिली : नारळ एक, शेवगा एक, लिंबू एक, आवळा एक. केळीच्या बेटावर थोडी चर्चा होऊन ते सोडून दिले. वेलांचे नाव निघाले नाही. चर, मांडव, मातीत बावीस वर्षे मुरलेले शेणखत आणि राख, यांतले काहीच यादीत आले नाही, आणि यावेत असे म्हणणारेही तिथे कोणी नव्हते. आई दारात उभी होती. तिने एकच विचारले, न्हाणीचे पाणी कोणाकडे जाणार. ते आमच्याकडे राहील, असे ठरले. संक्रांतीनंतर भिंत यायची आणि परसाचा दोन तृतीयांश भाग पलीकडे जायचा. मांडवही पलीकडे.

दुसऱ्या दिवशी मला वाटले होते की आई परसात जाणार नाही. ती नेहमीच्या वेळी उठली. जो भाग जाणार होता तिथले म्हातारे दोडके उपटून तिने वाफे केले आणि मेथी आणि कोथिंबीर टाकली. मेथी महिन्यात हाताशी येते, कोथिंबिरीला त्याहून आठ-दहा दिवस जास्त, म्हणजे दोन्ही भिंतीच्या आधी निघतात. लसूण मात्र आपल्या भागात, न्हाणीच्या चराकाठी लावला, कारण लसणाला चार महिने लागतात. मिरचीची दोन जुनी झाडे मुळांभोवतीची माती न सांडता गोणपाटात उचलून अलीकडे आणली. पैकी एक लागले.

वालाचा वेल हलविता येत नाही. तो पलीकडच्या भागात आहे आणि माघापर्यंत शेंगा देईल. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी काकू दिवा लावायला मागे आल्या तेव्हा आईने त्यांना कोणत्या शेंगा खायच्या आणि कोणत्यांना चिंधी बांधायची ते दाखविले, आणि गाडग्यातले दुधीचे अर्धे बी कागदात बांधून दिले. काकूंनी विचारले, "राख कंदी टाकायची ओ बाई?" आई म्हणाली, "दव हाय तवर."